'क्रॅश'चा दोष योगायोगात नाही

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीत ऑस्करच्या वादग्रस्त निवडींवरचा लेख वाचला. त्यात पॉल हॅगिस यांच्या 'क्रॅश'चा, लॉस एंजेलिसमधल्या वंशद्वेषाच्या अनेक कथा एकत्र गुंफणाऱ्या चित्रपटाचा, निकाल दोन वाक्यांत लावला आहे: योगायोगांचा अतिरेक झाला, आणि 'ब्रोकबॅक माउंटन' या चित्रपटाचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा हक्काचा पुरस्कार त्याने नेला. दुसऱ्या मुद्द्यावर माझा वाद नाही. मार्च २००६ मध्ये अभिनेते जॅक निकल्सन यांनी पाकीट उघडून 'क्रॅश'चं नाव वाचलं, तेव्हा त्यांच्याही चेहऱ्यावर आश्चर्य होतं. पहिला मुद्दा मात्र मला पटत नाही.

अनेक कथा एकमेकींत गुंफायच्या म्हटल्यावर योगायोग येणारच. दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमन यांनी १९९३ च्या 'शॉर्ट कट्स'मध्ये याच लॉस एंजेलिसमधली कितीतरी माणसं एकमेकांच्या वाटेत आणली आणि शेवटी भूकंपाने सगळ्यांना एकदम हलवलं. तीन तासांहून मोठा चित्रपट, पण यातून काय घ्यायचं हे ऑल्टमन कुठेही सांगत नाहीत.

'क्रॅश' ते सुरुवातीलाच सांगून टाकतो. अपघात झालेल्या गाडीत बसून डॉन चीडलचा डिटेक्टिव्ह म्हणतो, की या शहरात कोणी कोणाला स्पर्श करत नाही, सगळे काचेआड आणि पत्र्याआड असतात, म्हणून काहीतरी जाणवावं यासाठी एकमेकांवर आदळतात. शीर्षकाचा अर्थ आणि चित्रपटाचं सार, दोन्ही आपल्या हातात ठेवून झालं! पुढे जवळपास प्रत्येक पात्र भांडायला तोंड उघडतं ते समोरच्याचा वंश काढूनच. पूर्वग्रह एवढ्या मोठ्याने बोलत नसतो. आपल्याकडे घर भाड्याने देताना आडनाव विचारून 'कळवतो' म्हणणारा माणूस जातीचा शब्दही काढत नाही, आणि ऐकणाऱ्याला सगळं कळतं. हे न बोललेलं पडद्यावर आणणं अवघड असतं. हॅगिस यांनी सोपी वाट धरली, आणि चित्रपट बटबटीत झाला तो त्यामुळे.

तरीही मी हा चित्रपट पुन्हा पाहते, ते मायकल पेन्याच्या कुलूपवाल्यासाठी. गोळीबाराला घाबरून पलंगाखाली लपलेल्या मुलीला तो एक अदृश्य अंगरखा काढून देतो, तिच्या गळ्याशी हलकेच बांधतो. पुढे दुकान फोडलं गेल्याचा दोष त्यालाच देणारा, बिथरलेला इराणी दुकानदार पिस्तूल घेऊन त्याच्या दारात उभा राहतो. मुलगी धावत येते, कारण अंगरखा बाबांच्या अंगावर नाही, तो तिच्याकडे आहे. बार उडतो. बापाच्या तोंडून शब्द फुटत नाही. दुकानदाराच्या मुलीने नुसता आवाज करणारी, गोळी नसलेली काडतुसं आणली होती, हे आपल्याला नंतर उमगतं. हाही योगायोगच आहे, पण मला तो एकदाही खटकलेला नाही, कारण इथे कोणी वंशावर भाषण देत नाही.

मला खरी चीड येते ती मॅट डिलनच्या पोलिसाच्या कथेची. गाडी अडवून, झडतीच्या नावाखाली तो एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या अंगाशी तिच्या नवऱ्यासमोर घाणेरडे चाळे करतो. दुसऱ्या दिवशी तिलाच उलटलेल्या, पेटू लागलेल्या गाडीतून ओढून काढतो. त्याला आजारी वडीलही दिले आहेत, म्हणजे आपण त्याला समजून घ्यावं. त्याचा तरुण सहकारी वरिष्ठाकडे जातो, तेव्हा वरिष्ठ तक्रार दडपायचाच मार्ग सुचवतो. तिथे क्षणभर खरी यंत्रणा दिसते आणि चित्रपट लगेच पुढे निघून जातो. १९९१ मध्ये हॅगिस यांची गाडी लॉस एंजेलिसमध्ये बंदुकीच्या धाकाने पळवली गेली, त्या अनुभवातून ही कथा सुचली. त्याच वर्षी त्याच शहरात पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला बेदम मारलं. १९९२ मध्ये त्या खटल्यातून पोलीस सुटले, तेव्हा शहर पेटलं आणि साठहून अधिक माणसं मेली. अशा शहरात पोलिसाची सत्ता आणि दुकानदाराचा संताप एकाच तागडीत घालून 'आपण सगळेच थोडे थोडे दोषी' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

लेखकांना विनंती, की या विषयावर पुन्हा लिहाल तेव्हा योगायोग मोजू नका. तो अंगरख्याचा प्रसंग आणि ही झडती शेजारी शेजारी ठेवून लिहा.

आपली,
एक नियमित वाचक, सातारा