बाबांच्या प्रश्नाचं उत्तर, जरा उशिराने

प्रिय आई-बाबा,

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत ना, की केमिकल तेच, उंदीर त्याच जातीचे, मग दोन लॅबचे आकडे वेगळे कसे, कुणीतरी चुकतंय म्हणजे! मी घाईत काहीतरी बोलून फोन ठेवला, तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय म्हणून लिहायला बसलेय.

बऱ्याचदा कुणीच चुकलेलं नसतं हो. १९९९ मध्ये पोर्टलंड, ऑल्बनी आणि एडमंटन इथल्या ३ लॅबनी मुद्दाम सगळं सारखं ठेवून पाहिलं, ८ जातींचे उंदीर, ६ टेस्ट, उपकरणं तीच, आणि तरी काही निकाल वेगळे आलेच. कुठली जात दारू जास्त पिते ते तिन्हीकडे बऱ्यापैकी जुळलं (बाबा, हसू नका), पण उंच मेझवर (जमिनीपासून उंचावरच्या अरुंद पट्ट्यांवर) कोण किती बिचकतं तिथे गडबड. २०१४ मध्ये तर कळलं की खोलीत पुरुष असला की उंदरांना ताण येतो आणि वेदना कमी दिसतात, नुसता त्याने घातलेला टी-शर्ट ठेवला तरी! आता हे कुठल्या रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं सांगा.

माझं काम तर अजून नाजूक, उंदीर हातात धरला की तो किती धडपडतो याला स्कोअर द्यायचा. मी २ देते तिथे सहकारी ३ देतो. म्हणून आधी दोघांनी तेच उंदीर तपासून स्कोअर जुळवायचे, कुणाला कुठला डोस दिलाय ते माहीत नसताना. आणि तुलना दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी नाही, आपल्याच लॅबमधल्या डोस न दिलेल्या उंदरांशी करायची, हीच खरी मेख आहे. ८ लॅबनी मिळून ७ केमिकल तपासली होती, शिसं, डीडीटी आणि पॅराथिऑन ही कीटकनाशकं वगैरे, तेव्हाही आकडे इकडेतिकडे झाले पण विषाचा परिणाम पकडायचं काम जमलं.

तुमचंच बघा, फोनवर माझा आवाज ऐकून आई म्हणाली सर्दी झालीय, बाबा म्हणाले ठणठणीत आहे, फोन एकच आणि स्कोअर दोन.

सर्दी होती, आई. आता बरी आहे.

तुमची,
लेक