आईच्या गुडघ्यासाठी, तुम्हा दोघांना

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, तुम्ही पाठवलेला एक्स-रेचा रिपोर्ट मिळाला. ‘ग्रेड 3’, म्हणजे झिजेची चारपैकी तिसरी पायरी, वाचून तुम्ही धास्तावलात हे तुमच्या आवाजावरून कळलं. पण एक्स-रेत दिसणारी झीज आणि माणसाला होणारा त्रास यांचं गणित नेहमी जुळत नाही. ग्रेड 3 असूनही रोज फिरणारी माणसं आहेत. आई त्यांच्यात असावी असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय. फोनवर तुम्ही दोघं विषय बदलता.

आई, तू म्हणतेस, ग्रीस संपलं, आता गुडघा जपून वापरायचा. गुडघ्याच्या बाबतीत ‘जपणं’ म्हणजे बसून राहणं नव्हे. हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेत, म्हणजे तिथल्या गुळगुळीत गादीत, रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण होतं सांध्यातल्या वंगणातून, आणि त्यासाठी गुडघा हलावा लागतो, त्याच्यावर भार येऊन उतरावा लागतो. बसून राहिलं की गुडघा आखडतो आणि मांडीचा पुढचा स्नायू वाळतो. मग सगळा भार सांध्यावर येतो, दुखणं वाढतं, आणि तू आणखी बसतेस. या थंडीत सकाळी उठल्यावर जे ‘दुखून राहिलं’ असतं, ते घरात चार फेऱ्या मारल्यावर हलकं होतं, हे तूच मला सांगितलंयस.

बाबा, आता तुमच्याशी बोलते. पाण्याचा तांब्या, गोळ्या, फोन, सगळं तुम्ही आईच्या हातात आणून देता. त्यामागची माया मला दिसते. पण तिचं दिवसातलं उठणं-बसणं त्यामुळे जवळपास थांबलंय. तांब्या ओट्यावरच राहू द्या. तिला उठू द्या, तुम्ही फक्त शेजारी उभे राहा.

सध्याच्या दवाखान्यात पट्ट्या लावून मशीन सुरू करतात आणि वेळ झाली की घरी पाठवतात. तिथे कुणी तिच्या गुडघ्याला हात लावून तो किती वाकतो हेही पाहिलेलं नाही, याचा मला राग येतो. कोणते उपचार द्यावेत हे सुचवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या सरकारी संस्थेने 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत अशा विजेच्या उपचारांची शिफारस केलेली नाही. त्यांच्या फायद्याचा पुरेसा पुरावा नाही, असं ती म्हणते. व्यायाम मात्र प्रत्येक रुग्णाला द्यावा, आणि हाताने करायचे उपचार व्यायामाच्या जोडीनेच द्यावेत, असं तिथे लिहिलं आहे. घरी गरम पाण्याच्या पिशवीचा शेक खुशाल घ्या, बरं वाटतं. पण तेवढ्याने गुडघा मोकळा होत नाही.

म्हणून आता फिजिओथेरपिस्ट बदलू. नवीन फिजिओथेरपिस्टने पहिल्याच दिवशी कोनमापक लावून दोन गोष्टी मोजाव्यात: गुडघा किती वाकतो आणि पूर्ण सरळ होतो का. सपाट रस्त्यावर चालायला साधारण 60 ते 70 अंश पुरतात, जिन्याला 90 च्या आसपास लागतात, मांडी घालायला त्याहून बरेच जास्त. महालक्ष्म्यांना खाली बसून पुरण वाटायची तुझी इच्छा मला माहीत आहे, आई. ते जमेलच असं वचन कुणी देणार नाही, पण आधी सरळ होण्याकडे लक्ष देऊ. गुडघा थोडा वाकलेलाच राहिला तर नुसतं उभं राहतानाही मांडीच्या स्नायूला राबावं लागतं, आणि माणूस लवकर थकतो. म्हणून रात्री गुडघ्याखाली घेतेस ती उशी काढून टाक. त्या वेळी आराम वाटतो, पण गुडघा वाकलेल्या अवस्थेतच आखडत जातो.

हाताने उपचार करताना ते गुडघ्याची वाटी वर-खाली, बाजूला हळूहळू सरकवतात. नडगीचं हाड मांडीच्या हाडावर पुढे-मागे हलवतात, मांडीमागचे आणि पोटरीचे स्नायू ताणतात. त्याने जी थोडी मोकळीक मिळते, ती घरच्या व्यायामाने टिकवायची. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा सैल सोडणं, पलंगावर टाच सरकवत पाय जवळ घेणं, आणि हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, हे बहुधा सांगतील. व्यायाम करताना श्वास रोखू नकोस, तुला बीपी आहे.

सुरुवातीला दुखणं थोडं वाढेल. घाबरून सोडून देऊ नका. वाढलेलं दुखणं 24 तासांत पूर्ववत झालं तर ठीक, नाही झालं तर दुसऱ्या दिवशी व्यायाम कमी करायचा. ताकद यायला दोन-तीन महिने लागतात. गुडघा एकदम सुजला, लाल-गरम झाला, ताप आला किंवा अडकून बसला, तर मात्र थेट डॉक्टरांकडे जा.

शेजारच्या काकू इंजेक्शन घ्या म्हणतात. 2020 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये 156 रुग्णांचा अभ्यास आला होता. काहींना स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं, काहींना फिजिओथेरपी. वर्षभराने फिजिओथेरपीवाल्यांचं दुखणं आणि अडचण स्पष्टपणे कमी होती. ऑपरेशनला माझा विरोध नाही. पुढे लागलंच तर करू, पण आधी हे नीट करून बघू.

काठीची लाज बाळगू नकोस, आई. उजवा गुडघा दुखतो ना, मग काठी डाव्या हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. आणि वजन 1 किलो उतरलं तरी प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण 4 किलोंनी कमी होतो, म्हणून संध्याकाळचं फरसाण बंद. ट्रॅफिक पार्कला सकाळी ऊन आल्यावर जा, सुरुवातीला दहा मिनिटं पुरे. उन्हाळ्याआधी सवय लागली पाहिजे, एप्रिल-मेमध्ये नागपुरात आठनंतर बाहेर पडणं होत नाही.

बाबा, सोमवारी फोन करून वेळ घ्या. घरी येणारे फिजिओ असतील तर उत्तम, पैशांचं मी बघते. एक्स-रे आणि चालू गोळ्यांची यादी जवळ ठेवा, आईला सैल सलवार घालायला सांगा, आणि कोनमापकाचे दोन्ही आकडे त्याच दिवशी मला कळवा.

तुमची,
मनू