हेडफोनची वायर कर्जतपर्यंत

दादा, नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही लगेच "ते राहू द्या, आज बॅण्ड कसा होता विचारा बाबांना" म्हणून विषय बदलता. (बॅण्ड म्हणजे रेडिओलहरींचा पट्टा; तुम्ही आणि बाबा दोघेही हॅम, म्हणजे लायसन्स काढून हौसेने रेडिओवरून बोलणारे.) म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. इथे मध्येच तोडता येणार नाही तुम्हाला.

नायगावची आमची चाळ पाडायची ठरली तेव्हा बाबांनी गच्चीवरची वीस मीटरची अँटेनाची तार स्वतःच्या हाताने उतरवली. ७ मेगाहर्ट्झच्या लहरींना डायपोल (तारेची साधी अँटेना) साधारण तेवढाच लागतो, हे मला शाळेपासून पाठ. आईला एवढंच पाठ की त्या तारेवर कपडे वाळत घालायचे नाहीत. नव्या टॉवरच्या कमिटीने गच्चीवर काहीही लावायला नकार दिला. सतराव्या मजल्याच्या खिडकीतून तार सोडून पाहिली, तर एलईडी दिवे, चार्जर, लिफ्ट अशा सगळ्यांची मिळून नुसती घरघर. सेटवरचा सिग्नलचा काटा एस-नाइनवरून, म्हणजे जोरदार सिग्नलच्या खुणेवरून, खाली येईना. मोर्सची परीक्षा देऊन लायसन्स आणि व्हीयू-टूने सुरू होणारी कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची ओळख, मिळवलेला माणूस. त्याने सेट जुन्या धोतरात गुंडाळला आणि माळ्यावर टाकला.

लॅमिंग्टन रोडला मी खरं तर त्या सेटची किंमत काढायला आले होते. तुम्ही शेजारी अँटेनाच्या केबलचे पीएल-२५९ कनेक्टर घेत उभे होतात. ओळख ना पाळख, म्हणालात, "ताई, विकू नका. रविवारी घरी येतो."

आलात तेव्हा बाबांनी पहिल्यांदा वादच घातला. एकोलिंक हे हॅम लोकांचं अ‍ॅप फोनवर टाकायचं, लायसन्सची प्रत पाठवून कॉलसाइन पडताळून घ्यायची, मग इंटरनेटवरून दुसऱ्या गावच्या स्टेशनला जोडून घ्यायचं, हे ऐकून ते म्हणाले, "मग हा टेलिफोनच की!" चाचणीच्या ९९९९ नंबरवर बोललं की आपलाच आवाज परत येतो. तो ऐकून विचारतात कसे, "हा म्हातारा कोण?" तेवढ्यावर त्या दिवशीची गाडी थांबली. मला विचाराल तर त्यांचं अगदीच चुकत नव्हतं. ज्याने आयुष्यभर खरखरीतून आवाज वेचले, त्याला स्वच्छ आवाजात मजा कसली?

पुढच्या खेपेला तुम्ही नेदरलँड्समधल्या ट्वेन्टे विद्यापीठाचा रिसीव्हर उघडून दिलात. तो कुणालाही ब्राउझरमधून ऐकता येतो, लायसन्स लागत नाही, हे मला तेव्हा कळलं. बाबांनी रात्री युरोपातली मोर्स लाइट बिलाच्या पाठीवर उतरवून घेतली. पण सकाळी पुन्हा चेहरा उतरलेला. सकाळच्या नेटवर, म्हणजे हॅम मंडळींच्या ठरलेल्या वेळच्या रेडिओ-गप्पांत, त्यांचे कोल्हापूरचे मित्र येतात, आणि दिवसाच्या त्या वेळी ७ मेगाहर्ट्झवरून त्यांचा आवाज काही शे किलोमीटरच्या टापूत पोचतो. हॉलंडला कुठून ऐकू येणार?

हे तुम्ही ऐकून घेतलंत आणि काही न बोलता गेलात. पंधरा दिवसांनी फोन: "कर्जतच्या घरावर तार चढवली आहे. बाबांना ऐकवा."

मधल्या पंधरा दिवसांत काय झालं ते मला वहिनींकडून कळलं. कर्जतच्या ब्रॉडबॅण्डला स्वतःचा पब्लिक आयपी नाही, त्यामुळे बाहेरून रिसीव्हरपर्यंत पोचता येईना. शेवटी प्रॉक्सीवरून, म्हणजे मधल्या दुसऱ्या सर्व्हरवरून, वाट काढलीत. त्या किवी-एसडीआरवर, म्हणजे इंटरनेटवरून ऐकता येणाऱ्या त्या रिसीव्हरवर, एका वेळी चौघांनाच बसता येतं, म्हणून एक जागा पासवर्ड लावून बाबांसाठी राखलीत. पावसाळ्यात ढग गडगडले की वर जाऊन अँटेनाची केबल काढून ठेवता, तेही.

"इंटरनेटवरून आलेला तो रेडिओ कसला" या प्रश्नाला तुमचं उत्तर घरात अजून चालतं: "अँटेना खरी, आकाश खरं, खरखरसुद्धा खरी. फक्त हेडफोनची वायर कर्जतपर्यंत लांबली."

आता सकाळी चहाच्या आधी टॅबलेट लागतो. पडद्यावर धबधब्यासारख्या सरकणाऱ्या चित्रात सिग्नल रेघांसारखे दिसतात, ते त्यांना पसंत नाही. आवाज बघायचा कसला, म्हणतात, आणि टॅबलेट पालथा घालून ऐकतात. नेट संपलं की कोल्हापूरला फोन: "फाइव्ह-नाइन होतास, पण माइक जरा लांब धर." (फाइव्ह-नाइन म्हणजे आवाज स्पष्ट आणि जोरदार.) हवेतून उत्तर देता येत नाही याची खंत आहे, ती लपवत नाही. तरी त्या फोनवरचं त्यांचं हसणं मी दोन वर्षांनी ऐकलं.

तुम्ही जेमतेम तिशीचे आणि बाबा तुम्हाला 'ओएम' म्हणतात, म्हणजे ओल्ड मॅन, याचं आईला भारी हसू येतं. हॅम लोकांत सगळेच ओएम, हे तिला पटतच नाही. तिने तुमच्यासाठी भाजणी करून ठेवली आहे. न्यायला या. आणि जूनमध्ये विजा चमकत असताना केवळ बाबांच्या एका सकाळसाठी ओल्या पत्र्यावर चढू नका. एक दिवस ते वर्तमानपत्र वाचतील.

सेट माळ्यावरून खाली आला आहे. धोतर मी धुऊन टाकलं.

आपली,
सतराव्या मजल्यावरची ताई

ता. क. बाबा म्हणतात, खाली ७३, म्हणजे हॅमच्या भाषेत शुभेच्छा, लिही, नाहीतर पत्र अपुरं राहील. ७३.