अंकल, तुमचा बो अजून आमच्याकडेच आहे

प्रिय अंकल,

तुम्हाला समोर थँक यू म्हटलं की तुम्ही हात झटकता आणि चहा घेणार का विचारता, म्हणून हे लिहून काढतेय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण ठाण्यात, वाशी-नेरुळला आमच्यासारखे अजून चार आईबाप असणारच, ज्यांचं पोर व्हायोलिन नाहीतर चेलो वाजवतंय आणि उन्हाळ्यात त्याला परदेशातल्या कुठल्या म्युझिक कॅम्पला पाठवायचं या विचाराने ज्यांची झोप उडालीय.

मागच्या ऑक्टोबरमध्ये आम्ही पहिल्यांदा तुमच्या तलावपाळीजवळच्या घरी आलो तेव्हा माझ्या हातात अशा कॅम्पच्या प्रिंटआउट्सचा गठ्ठा होता. लेक दहावीत, व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या सुरातलं वाद्य) हातात घेऊन पाच वर्षं झालेली, वाद्याच्या परीक्षेची सातवी ग्रेड पास. एका कन्सल्टंटने फक्त कुठे अप्लाय करायचं ते सांगायचे चाळीस हजार मागितले होते आणि वर "नाव मोठं पाहिजे, पुढे अॅडमिशनला दिसतं" असंही ऐकवलं होतं. खरं सांगते, मला तेव्हा ते पटलंही होतं. तुम्ही गठ्ठा घेतलात, न उघडता टीपॉयवर ठेवलात आणि तिला म्हणालात, "केस उघड."

मोझार्टने व्हायोलिन आणि व्हायोला अशा दोघांसाठी १७८३ साली दोन ड्युएट लिहिलीत, त्यातलं पहिलं तुम्ही स्टँडवर लावलंत. स्वतः व्हायोलिन घेतलंत. ती वाजवायला लागली, छान वाजवत होती, मी कौतुकाने बघत होते आणि मध्येच तुम्ही थांबलात. बो, म्हणजे वाजवायचा गज, खाली, मांडीवर. ती मात्र वाजवतच राहिली, एक ओळ संपली, दुसरी निम्मी झाली, तिला पत्ताच नाही की समोरचा माणूस वाजवायचा थांबलाय. मग तिने मान वर केली आणि एवढीशी झाली. तुम्ही रागावला नाहीत, फक्त माझ्याकडे बघून म्हणालात, "हात चांगला आहे. पण ही एकटी वाजवते. हिला माणसं पाहिजेत."

अंकल, त्या वाक्याने आमचं सगळं वर्ष ठरलं.

कारण खरंच होतं ते. पाच वर्षं ती घोडबंदर रोडवरच्या आमच्या बेडरूममध्ये दार लावून वाजवत होती. ज्या क्लासला जायची तिथे वर्षभर परीक्षेचे तेच ठरलेले पीसेस, परीक्षा झाली की पुढची ग्रेड. व्हायोला हे वाद्य मुळात मधला आवाज, वर व्हायोलिन आणि खाली चेलो असल्याशिवाय त्याची अर्धी गंमत कळतच नाही, आणि ठाण्यात तिच्या वयाचं दुसरं कोणी नाही जे सोबत बसेल. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची कॉन्सर्ट ऐकूनच तर तिने व्हायोलिन सोडून व्हायोला धरला होता, मधे बसलेल्या त्या लोकांकडे बघून. रविवारचा मेगाब्लॉक असला तरी सीएसएमटी गाठून जायचो आम्ही. म्हणजे तिला काय हवंय ते तिला दहाव्या वर्षीच कळलं होतं, आम्ही विसरलो.

मग तुम्ही गठ्ठा हातात घेतलात, आणि एकाही नावाला वाईट म्हटलं नाहीत, हे मला फार आवडलं. इंटरलॉकन, मिशिगनमधलं, १९२८ पासूनचं, फिकट निळे शर्ट घातलेली शेकडो मुलं, मोठमोठे ऑर्केस्ट्रा, नाटक-नाच-चित्रकला सगळं एका ठिकाणी. ज्या पोराला गर्दीत खुलायचंय त्याच्यासाठी ते. टँगलवूडला बोस्टन युनिव्हर्सिटीचा प्रोग्राम, १९६६ पासून, तिथे बोस्टन सिम्फनीसारखा ऑर्केस्ट्रा सगळा उन्हाळा कानावर पडतो, आपले झुबिन मेहता तरुणपणी १९५८ साली त्याच टँगलवूडला शिकायला गेले होते हे सांगताना तुमचा चेहरा कसा फुलला होता! आणि मेडोमाउंट, न्यूयॉर्क राज्यातल्या डोंगरात, व्हायोलिनचे गुरू इव्हान गलामियन यांनी १९४४ मध्ये काढलेलं, व्हायोलिनवाले पर्लमन, चेलोवाले यो-यो मा सगळे तिथून गेलेले, रोज पाचेक तास खोलीत बसून प्रॅक्टिस. मी त्याच नावावर मोठी टिकमार्क केली होती. तुम्ही म्हणालात, "ज्याचं तंत्र बसायचंय त्याच्यासाठी सोनं आहे हे. पण ही ऑलरेडी खोलीत बसलेली आहे. हिला अजून एक खोली देऊन काय करू?"

माझ्या नणदेने न्यू जर्सीहून नॅशनल यूथ ऑर्केस्ट्राचं नाव पाठवलं होतं, ते तर तुम्ही दोन मिनिटांत बाजूला काढलंत, कारण त्याला अमेरिकन नागरिक नाहीतर ग्रीन कार्डवाले लागतात. कन्सल्टंटच्या लिस्टमध्येही ते होतं!

तारखांचंही तुम्हीच लक्षात आणून दिलंत. आपली सुट्टी एप्रिल-मे आणि तिकडचे बहुतेक प्रोग्राम जूनच्या शेवटी सुरू होऊन ऑगस्टपर्यंत, म्हणजे आपल्याकडे शाळा सुरू होऊन पहिली चाचणी यायची वेळ. नववीत पाठवलं असतं तर शाळेने महिना-दीड महिना रजा दिलीच नसती. दहावीनंतर मात्र अकरावीच्या राउंड्स चालू असतात तेवढ्यात फट मिळते, आणि ती फट एकदाच येते. तिचे बाबा इकडे कागदपत्रं घेऊन कॉलेजात रांगेत उभे आणि ती तिकडे, असं झालं खरं, पण जमलं.

मग तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी चार ठिकाणी ईमेल केले. आठवड्यात सोलो लेसन किती, आणि ते नेमकं कोण देणार? क्वार्टेट, म्हणजे चौघांचे ग्रुप, कसे लावता, मुलं सगळा वेळ एकाच ग्रुपमध्ये की दर आठवड्याला बदल? कोच किती वेळा येऊन ऐकतो? रात्री मुलांजवळ कोण असतं? एका ठिकाणाहून नुसतं ब्रोशर परत आलं. एकाने स्वच्छ लिहिलं की वेबसाइटवर ज्यांचा फोटो आहे ते एक दिवस मास्टरक्लासला येतात, रोज शिकवणारे वेगळे. आणि एकाने प्रत्येक प्रश्नाला उत्तर देऊन उलट विचारलं, तुमच्या मुलीला कुठलं संगीत ऐकायला आवडतं? तुम्ही तो ईमेल दोनदा वाचलात आणि चष्मा काढून ठेवलात. तिथेच गेली ती. छोटं ठिकाण, फक्त चेंबर म्युझिक, म्हणजे मोजक्या जणांनी मिळून वाजवायचं. नाव इथे मुद्दाम लिहीत नाहीये, कारण लिहिलं तर कोणीतरी डोळे मिटून तेच भरेल, आणि नेमकं तेच करू नका म्हणून तुम्ही मला तीन महिने शिकवलंत.

जानेवारीतलं रेकॉर्डिंग आठवतंय ना? आमच्याकडे मेट्रोचं काम, खाली डंपर, शेजारी कुकर, घरी शक्यच नव्हतं. तुम्ही चर्चचा पॅरिश हॉल दुपारी दोन ते पाच मागून घेतलात, पंखे बंद करायला लावलेत, क्वायरमधल्या त्या गोड मुलीला पियानोवर बसवलंत. संगीतकार टेलेमानचा व्हायोलासाठीचा जी मेजर कॉन्चेर्टो, कट न करता, अकरा टेक. मला नववा हवा होता, एकही चूक नव्हती त्यात. तुम्ही चौथा निवडलात, ज्यात एक सूर जरा घसरला होता. म्हणालात, "इथे ती पियानो ऐकतेय." आणि फॉर्मबरोबर आर्थिक मदतीचा अर्जही भरायला लावलात, व्हायोलावाले सगळीकडे कमीच असतात, मागायला लाजू नका म्हणून. फीमधला बराच भाग माफ झाला अंकल. नाहीतर तिकीट धरून आमच्याच्याने झालं नसतं, हे तुम्हाला माहितीये, तरी लिहिते.

सासूबाईंचा प्रश्न होता, क्लासिकलच शिकायचं तर आपलं का नाही. त्या अजून बोला गजच म्हणतात. तुम्ही त्यांच्याशी वाद घातला नाहीत, त्यांच्याबरोबर बसून तासभर डी. के. दातारांचं व्हायोलिन ऐकलंत. त्यानंतर लेकीची बॅग भरायला सगळ्यात पुढे त्याच होत्या.

आणि बो. आम्ही सेकंडहँड घेतलेल्या जुन्या बोच्या टोकाला पांढरा तुकडा आहे, आम्हाला वाटलं प्लास्टिक. तुम्ही खिडकीशी नेऊन नखाएवढ्या त्या तुकड्यावरच्या बारीक रेघा दाखवल्यात, हस्तिदंत. अमेरिकेत कागदपत्रांशिवाय कस्टमला अडकला तर तिथेच जप्त होईल. आणि आत जाऊन तुमचा स्वतःचा कार्बन फायबरचा बो आणलात, केसमध्ये ठेवलात आणि विषय संपवलात. मग पावसाळी हवेचं. ठाण्याच्या जूनमध्ये फुगलेल्या, तारा ताणायच्या खुंट्या विमानातल्या कोरड्या हवेत आकसतात आणि सुटतात, म्हणून तारा थोड्या सैल कर पण सगळ्या एकदम सोडू नकोस, नाहीतर तारांखालचा ब्रिज पडेल आणि आतली ती काडी, साउंडपोस्ट, तीही पडेल. टॉर्च मारून एफच्या आकाराच्या भोकातून ती काडी तुम्ही मला दाखवलीत. कुठेही चिकटवलेली नाही, नुसत्या दाबाने उभी. फ्रेंचमध्ये तिला आत्मा म्हणतात म्हणालात. पाच वर्षं मी ते वाद्य पुसतेय, आत एवढं काही आहे हे मला ठाऊक नव्हतं.

तिथे तिच्या वाट्याला संगीतकार ड्वोरजाक यांचा अमेरिकन क्वार्टेट आला. तुम्हाला फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही काही क्षण बोललाच नाहीत. १८९३ च्या उन्हाळ्यात, सुट्टीत, आयोवातल्या एका छोट्या गावात बसून त्यांनी तो लिहिला, ते स्वतः व्हायोला वाजवायचे, आणि पहिली धून व्हायोलाच्याच वाट्याला दिली, हे मला तुमच्याकडूनच कळलं. कॉन्सर्टचं रेकॉर्डिंग आम्ही पहाटे पाच वाजता हॉलमध्ये बसून ऐकलं, सासूबाईंसकट. व्हायोलिन दोन क्षण थरथरतात आणि मग ती. आमची. त्या धुनीनंतर ती मागे सरून पहिल्या व्हायोलिनला जागा देते ना, तिथे मला रडू आलं, कारण घरी दार लावून वाजवणाऱ्या मुलीला हे कोणी शिकवू शकलं नव्हतं.

परवा रात्री दीड वाजता ती उतरली. उंची वाढलीय, केस कापलेत, आणि सकाळी उठल्या उठल्या पहिलं काय विचारलं तर अंकलकडे कधी जायचं. तिकडे एक चेलोवाली आणि दोन व्हायोलिनवाल्या मैत्रिणी झाल्यात, पण तिला इथे माणसं हवीत. तुमच्या त्या ताडदेवच्या फिल्म सेंटर रेकॉर्डिंग स्टुडिओच्या दिवसांतले कोणी चेलोवाले अजून वाजवत असतील का, वसईला नाहीतर बांद्र्याला, असं विचारत होती. रविवारी आमच्या हॉलमधला सोफा बाजूला सरकवला की चार खुर्च्या आणि चार स्टँड आरामात बसतात, मी मोजून बघितलंय. खोबऱ्याच्या वड्या आणि चहा माझ्याकडे.

बो अजून आमच्याकडेच आहे. पुसून, त्याचे केस सैल करून ठेवलाय, तुम्ही सांगितलं होतंत तसा. गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला घेऊन येतो. मोझार्टची ती पानं काढून ठेवा, ती म्हणतेय या वेळी तुम्ही कुठेही थांबा.

तुमची,
घोडबंदर रोडवरची व्हायोलावालीची आई