निळा, हिरव्याच्या पॉकेटात

बेलफास्ट,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय बंड्या,

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देणार नाहीस, म्हणून पत्र. विषय हिगिन्स. आता खुर्ची ओढ आणि गप बस.

परवा इथे टीव्हीवर आपल्या स्नूकरवाल्या अ‍ॅलेक्स हिगिन्सवर माहितीपट होता. घरी एकट्यानं बघण्यात मजा नाही, म्हणून आमच्या कोपऱ्यावरच्या स्नूकर क्लबात गेलो. सहा टेबलं, त्यातल्या दोघांचं कापड पार विरलेलं, आणि बारच्या वर टांगलेला टीव्ही. पंचवीस-तीस माणसं होती, बरीचशी साठीच्या पुढची. हिगिन्स या गावचा. १९४९चा जन्म, डोनेगल रोडच्या बाजूला अ‍ॅबिंग्डन ड्राइव्हवर वाढला, जॅमपॉट नावाच्या अड्ड्यावर शाळकरी वयात क्यूची काठी धरली, आणि जुलै २०१०मध्ये इथेच आपल्या फ्लॅटमध्ये एकटा असताना गेला. त्यामुळे त्याच्याबद्दल इथे प्रत्येकाचं मत असतं आणि ते विचारावं लागत नाही.

सुरुवातीला सगळे खुशीत होते. १९७२, बर्मिंगहॅममधला सेली पार्कचा हॉल, खाणकामगारांच्या संपामुळे वीज जातेय-येतेय, लोक बिअरच्या क्रेटवर बसलेत, आणि हा बावीस वर्षांचा किडकिडीत पोरगा पहिल्याच प्रयत्नात जगज्जेता होतो. जॉन स्पेन्सरवर ३७-३२. बक्षीस ४८० पौंड. आकडा ऐकून माझ्या शेजारचा म्हातारा टॅक्सीवाला इतका हसला की त्याला ठसका लागला. (त्याला मी मागेच सांगितलं होतं की हा खेळ १८७५मध्ये आमच्याकडे जबलपूरला, इंग्रज अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये जन्मला. अजून विश्वास ठेवत नाही.)

मग आलं १९८२. शेफील्ड, उपांत्य सामना, जिमी व्हाइट १५-१४ पुढे आणि त्या फ्रेममध्ये, म्हणजे त्या डावात, ५९-०. आठवतंय ना? तुझ्या मामानं लंडनहून आणलेली ती कॅसेट आपण तुमच्या माडीवर इतकी घासली की शेवटी चित्रावर पाऊस पडायला लागला. व्हाइटचा लाल चुकला, हिगिन्स उठला आणि ६९चा ब्रेक, एका दमात सलग ६९ गुण, करून फ्रेम घेऊन गेला. पुढे सामना १६-१५.

माहितीपटानं या ब्रेकचं काय केलं असेल? चाळीस-पन्नास सेकंदांत उरकला. बॉल पडतोय, कट. बॉल पडतोय, कट. वर ढॅणढॅण संगीत. क्लबात एकच गलका झाला. "अरे, सगळा दाखवा की!" बारवरची बाई, जी एरवी कुणाला भीक घालत नाही, ती टीव्हीकडे बघून म्हणाली की याला दारू आणि मारामाऱ्यांना बरा वेळ मिळतो.

बाईंचं खरं होतं. आणि बंड्या, मी जन्माचा त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या, स्टीव्ह डेव्हिसच्या, बाजूचा असूनही मला राग आला. कारण त्या ब्रेकमध्ये बॉल पडणं हा मुद्दाच नाही. मुद्दा आहे प्रत्येक बॉलनंतर पांढरा भलतीकडेच जाऊन थांबतो हा. पोझिशन, म्हणजे पुढच्या फटक्याला सोयीची जागा, जवळजवळ कधीच नाही! तो टेबलाभोवती फिरतो, नाक ओढतो, वाकतो, परत उठतो, आणि जिथे कुणीही शहाणा माणूस सेफ्टी, बचावाचा फटका, खेळेल तिथून पॉट करतो. ते फिरणं कापलं की उरतो एक साधा, सुबक ब्रेक. तसे तर डेव्हिस नाश्त्याआधी करायचा.

तुला आपल्या पुण्यातल्या क्लबातला गुण मांडणारा मार्कर आठवतो? पावडरचा डबा काखेत धरून उभा असायचा. कॅसेट बघून आलो की तू बडबडायचास आणि तो म्हणायचा, "पांढरा हातात नाही तो खेळ उधारीचा." मी त्याच्या बाजूनं होतो. अजूनही आहे. पोझिशन नीट घेतली असती तर असल्या करामती कराव्या लागल्या नसत्या. पण परवा तो ब्रेक असा चिरलेला बघून कळलं की मला तो उधारीचाच भाग बघायचा होता.

अंतिम सामन्यात रे रिअर्डनवर १८-१५, शेवटच्या फ्रेममध्ये १३५, आणि मग रडत रडत तान्ह्या लेकीला जवळ बोलावणं. हे मात्र त्यांनी पुरतं दाखवलं. माणसं ग्लासात बघत बसली. ८३चा प्रेस्टनचा, हिगिन्सनं डेव्हिसला हरवलेला सामना आला तेव्हा मी टॉयलेटला जाऊन आलो. डेव्हिस ०-७ वरून हरलेला नव्हे, ७-० वरून हरलेला! तेव्हा तू महिनाभर छळलंयस, आता पुरे.

उतरण सगळी माहितीतलीच. १९८६मध्ये स्पर्धेच्या संचालकाला डोक्यानं मारलं, १२,००० पौंड दंड आणि पाच स्पर्धांची बंदी. पण १९९० आलं तेव्हा जे झालं ते तिकडे पुण्यात बसून आपल्याला कधी समजलं नसतं. त्यानं डेनिस टेलर या दुसऱ्या खेळाडूला गोळी घालायला लावीन अशी धमकी दिली होती. आपण ते मसाल्यासारखं वाचलं होतं. टेलर इथल्याच टायरोन परगण्यातल्या कोलआयलंडचा, कॅथलिक. हिगिन्स बेलफास्टचा प्रोटेस्टंट. आणि त्या दिवसांत या दोन गटांच्या संघर्षात इथे माणसं खरोखर गोळ्या खाऊन मरत होती. दाराजवळ टायरोनचाच एक उंच गृहस्थ बसला होता. तो भाग सुरू झाला तसा त्यानं कोट उचलला आणि बाहेर गेला. कुणी थांबवलं नाही, कुणी हिगिन्सची बाजूही घेतली नाही. टॅक्सीवाला एवढंच पुटपुटला की त्यानंतर आयरिश मास्टर्समध्ये टेलरनं त्याला ५-२ धुतला.

शेवट मला बघवला नाही. घशाचा कर्करोग, त्यावरच्या उपचारांत गेलेले दात, अन्न चावता येत नाही, अंगावरचा कोट हँगरवर लटकावा तसा. सेंट अ‍ॅन कॅथेड्रलमधली अंत्ययात्रा, घोड्यांची गाडी. टॅक्सीवाला त्या दिवशी रस्त्यावर उभा होता. कोण कुठल्या मोहल्ल्यातला ते त्या दिवशी कुणी विचारलं नाही म्हणाला, आणि लगेच पुढे, "दुसऱ्या दिवशी विचारलं."

टीव्ही बंद झाला तरी कुणी उठेना. मग टॅक्सीवाल्यानं चार नंबरच्या टेबलावर तो निळा लावला. ८२च्या त्या ब्रेकमधला, तोच रे! निळा हिरव्या बॉलच्या बाजूच्या पॉकेटात, पांढरा स्क्रूनं मागे खेचायचा, डावा साइड म्हणजे डावीकडची फिरकी, बाजूच्या कुशनवरून परत वर लालाकडे. रांगच लागली. कुणाचा निळाच जाईना, कुणाचा पांढरा कुशनला लागून तिथेच मेला. माझा तर निळा पॉकेटच्या जबड्यात खडखडून बाहेर आला. बारवरच्या बाईनंही एकदा हात साफ करून घेतला.

किती वेळानं कोण जाणे, तो टायरोनवाला परत आला. कोटावर पाऊस. न बोलता भिंतीवरचा क्यू घेतला, दोनदा चॉक लावला, वाकला. निळा गेला, स्वच्छ. पांढरा मात्र अर्ध्यात थांबला. त्यानं निळा काढून परत जागेवर ठेवला, पुन्हा वाकला. मी निघालो तेव्हा तो सहाव्यांदा खेळत होता आणि टॅक्सीवाला त्याला बॉल काढून देत होता.

तर तू मे महिन्यात येतोयस हे पक्कं ना? वहिनींना म्हणावं थंडीचे कपडे मे असला तरी आणा. तुला तो निळा खेळायला लावणार आहे. फक्त एक अट, क्यू मी देईन आणि तू जोरात मागे खेचणार नाहीस. पुण्यातल्या टेबलाचं कापड तू याच शॉटसाठी फाडलं होतंस आणि त्याचे निम्मे पैसे मी भरलेत, अजून मिळाले नाहीत.

तुझा,
अव्या