सल्ल्याशेजारी हिशेबही छापावा

महोदय,

हवामान बदल रोखण्यासाठी सामान्य माणसाने काय करावे, याच्या याद्या वृत्तपत्रांतून वारंवार प्रसिद्ध होतात. मोबाइलचा चार्जर काम झाल्यावर काढून ठेवावा, कापडी पिशवी वापरावी, विमानाऐवजी रेल्वेने जावे, अशा सूचना त्यांत एकाच तोलाच्या असल्यासारख्या शेजारी शेजारी दिलेल्या असतात. वास्तविक त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. हल्लीचा चांगला चार्जर नुसताच लावून ठेवला तर वॅटच्या दहाव्या हिश्शाहून अधिक वीज खात नाही. वर्षभर तसाच राहिला तरी जेमतेम एक युनिट होते, आणि तेवढी वीज दोन किलोवॅटचा गिझर अर्ध्या तासात संपवतो. चार्जर आठवणीने काढणारा माणूस गिझर चालू ठेवत असेल, तर त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही, कारण हा हिशेब त्याच्यापर्यंत कोणी पोहोचवलेलाच नसतो.

या याद्यांना कंटाळलेले लोक दुसऱ्या टोकाला जातात आणि हे सारे सरकारचे काम आहे, असे म्हणून मोकळे होतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. व्यक्तीच्या ‘कार्बन फूटप्रिंट’ची, म्हणजे तिच्या राहणीमुळे होणाऱ्या एकूण उत्सर्जनाच्या मोजमापाची, कल्पना लोकप्रिय करण्यात बीपी या तेल कंपनीच्या जाहिरातींचा मोठा हात होता. 2020 च्या टाळेबंदीत रस्ते ओस पडले, विमाने जमिनीवर राहिली, तरी जगाचे कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन त्या वर्षी 5 टक्क्यांच्या आसपासच घटले आणि पुढच्याच वर्षी बहुतांशी भरून निघाले. वीजनिर्मिती, पोलाद आणि सिमेंट यांतून होणारे उत्सर्जन कोणी घरी बसल्याने थांबत नाही. सिमेंटच्या बाबतीत तर निम्म्याहून अधिक वायू इंधनातून नव्हे, चुनखडी भाजतानाच्या रासायनिक क्रियेतून निघतो. त्यावर घर बांधणाऱ्याच्या काटकसरीचा इलाज कितीसा चालणार?

तरीही ओझोनच्या थराचा इतिहास मला अधिक बोलका वाटतो. स्प्रे, फ्रिज यांत वापरल्या जाणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बन वायूमुळे हा थर विरतो, असा इशारा शास्त्रज्ञांनी 1974 साली दिल्यावर अमेरिकेत अनेक ग्राहकांनी त्या वायूचे स्प्रे घेणे आपणहून सोडले. मागणी घसरल्यावर उत्पादकांचा विरोध लुळा पडला आणि 1978 मध्ये तेथील सरकारला अशा बहुतेक स्प्रेंवर बंदी घालणे सोपे गेले. पण फ्रिज आणि एसीमधला वायू कोणत्याही गृहस्थाला स्वतःच्या निश्चयाने बदलता आला नसता; तो बदलला 1987 च्या मॉन्ट्रियल कराराने आणि त्यापाठोपाठच्या कायद्यांनी. ग्राहकांनी जिथवर नेता येईल तिथवर गाडी नेली, पुढचा रस्ता सरकारांनी बांधला.

लोकांना सोबत न घेता केलेली सक्ती किती टिकते, हे 2018 मध्ये फ्रान्सने पाहिले. गाडीवाचून ज्यांचा कामधंदा अडतो अशा लोकांवर इंधनकराचा बोजा वाढवताना त्याच सरकारने श्रीमंतांचा संपत्तीकर मात्र हलका केला होता. ‘पिवळ्या जाकिटां’चे आंदोलन पेटले आणि करवाढ मागे घ्यावी लागली. याउलट, मागणीच्या बाजूने, म्हणजे लोकांच्या वापराच्या सवयी बदलून, केलेल्या उपायांनी 2050 पर्यंत संबंधित क्षेत्रांतले उत्सर्जन 40 ते 70 टक्क्यांनी कमी होऊ शकते, असे ‘आयपीसीसी’ या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक समितीचा 2022 चा अहवाल सांगतो, मात्र त्यासाठी योग्य धोरणे, पायाभूत सुविधा आणि तंत्रज्ञान हाताशी असायला हवे, अशी अटही घालतो. आकडा उद्धृत करताना ही अट बहुतेक जण गाळतात.

म्हणून आपणास एक विनंती आहे. यापुढे अशी यादी छापताना प्रत्येक सूचनेपुढे अंदाजे बचत द्यावी. तसेच ती सूचना पाळणे लोकांना सहज जमावे यासाठी बससेवा, इमारतींचे नियम किंवा विजेचे स्रोत यांबाबत कोणता निर्णय व्हायला हवा, तो घेण्याचा अधिकार कोणाकडे आहे आणि तो कोणत्या पातळीवर अडला आहे, हेही छापावे. निवडणुकीच्या काळात उमेदवारांच्या मुलाखती घेताना याच यादीतले प्रश्न विचारता येतील.

— एक नियमित वाचक