‘जमतं’ म्हणजे नेमकं किती जमतं?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

एमबीबीएसची साडेचार वर्षं संपवून नवी तुकडी इंटर्नशिपला लागली, की ठरलेली तक्रार सुरू होते: ‘हल्लीच्या मुलांच्या हातात आत्मविश्वास नाही.’ नातेवाईक म्हणतात, वॉर्डातल्या सिस्टर म्हणतात, सीनियर तर म्हणतातच. तक्रार खोटी नाही, पण अर्धवट आहे. मुलं ज्या कामाला घाबरतात, तिथे ती निदान कुणाला तरी हाक मारतात. खरी काळजी आहे ती ‘त्यात काय, येतं की’ म्हणून उरकल्या जाणाऱ्या कामांची.

सलाईनसाठी शिरेत सुई लावणं घ्या, वॉर्डात जिला सगळे इंट्राकॅथ म्हणतात. इथे चूक लपत नाही. शीर हुकली की टेंगूळ येतं आणि रुग्ण ओरडतो. म्हणून मुलं घाबरतात, आणि लगेच समजल्यामुळे शिकतातही. चुका ठरलेल्या आहेत. कातडी अंगठ्याने खाली ताणून धरली नाही तर शीर बाजूला सरकते. सुई 15 ते 30 अंशांत न घालता उभी घातली तर शिरेची पलीकडची भिंत फुटते. सर्वांत जास्त घोटाळा होतो तो मागे रक्त दिसल्यावर. रक्त दिसलं म्हणजे झालं असं समजून लगेच सुईवरची प्लास्टिकची नळी पुढे ढकलली जाते. पण सुईचं टोक नळीच्या किंचित पुढे असतं. टोक शिरेत पोचलं तरी नळीचं तोंड अजून बाहेरच असतं. सुई थोडी आडवी करून आणखी दोन-तीन मिलिमीटर आत न्यायची, मग नळी सरकवायची. आणि बाहेर काढलेली सुई त्याच नळीत परत खुपसायची नाही, नळीचा तुकडा कापला जाऊन रक्तात जाऊ शकतो. शेजारी उभं राहून कुणी पाच-दहा वेळा हे करून घेतलं, तर हात बसायला लागतो.

आता बीपी मोजणं. ‘येतं का’ असं विचारलं, तर नाही म्हणणारा विद्यार्थी सापडणार नाही. पण बीपी चुकलं तर रुग्ण ओरडत नाही. जाड दंडाला नेहमीचा लहान पट्टा गुंडाळला की आकडा खोटाच वाढतो. पट्ट्यातल्या फुग्याने दंडाच्या घेराचा साधारण 80 टक्के भाग व्यापायला हवा. हात लोंबकळत ठेवला, तर हृदयाच्या पातळीपासून दर 10 सेंटिमीटरला आकड्यात पाऱ्याच्या 7-8 मिलिमीटरची भर पडते. हवा सेकंदाला 2 मिलिमीटरने सोडायची असते. घाईत भसकन सोडली की वरचा आकडा कमी येतो आणि खालचा जास्त. स्टेथोस्कोप लावण्याआधी मनगटाची नाडी धरून हवा भरताना ती कुठल्या आकड्याला बुडते ते पाहायचं आणि त्याच्या 20-30 वर हवा भरायची, ही पायरी तर पुस्तकातच राहते. ओपीडीत येणाऱ्याला 5 मिनिटं बसवायला सवड नसते, हेही खरं. मग 120/80 लिहून मोकळं व्हायचं. या आकड्यावर एखाद्याची आयुष्यभराची गोळी ठरते, आणि चूक दाखवणारं कुणीच नसल्याने आत्मविश्वास मात्र अभंग राहतो.

कोल्हापुरात सीपीआर म्हटलं की छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय डोळ्यांसमोर येतं, पण थांबलेलं हृदय चालू करण्याच्या सीपीआरचीही हीच गत आहे. मिनिटाला 100 ते 120 दाब, खोली 5 ते 6 सेंटिमीटर, 30 दाबांमागे 2 श्वास, हे पाठ असतं. चुकतं ते दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ न देणं आणि दमलेल्या माणसाने 2 मिनिटांनी जागा न सोडणं. पुतळ्यावर शिकलेला हात काही महिन्यांत उतरतो. उजळणी न करणाऱ्याला ते कळतही नाही.

हीच मुलं पुढे बाँडच्या, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेच्या, वर्षासाठी राधानगरी, शाहूवाडी, गगनबावड्याकडे पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) जातात. तिथे सर्पदंश ही नेहमीची केस. रक्त गोठण्याची 20 मिनिटांची चाचणी कागदावर पोरखेळ वाटते: 2 मिलिलिटर ताजं रक्त कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, 20 मिनिटं हलवायचं नाही, मग एकदा तिरपी करून पाहायची; रक्त गोठलं नसेल तर विष भिनलंय असं समजायचं. पण नळी प्लास्टिकची असली किंवा साबणाने धुतलेली असली, तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि गरज नसताना प्रतिविष सुरू होतं. प्रतिविषाच्या पावडरीत 10 मिलिलिटर पाणी घालून ती बाटली खळखळून हलवली तर फेस होतो. अलगद फिरवायची असते. आणि 10 बाटल्यांची जुळवाजुळव करताना रिअ‍ॅक्शन आल्यास लागणारं अर्धा मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनॅलिन आधीच सिरिंजमध्ये भरून ठेवायचं राहून जातं.

2019 पासूनच्या अभ्यासक्रमात कौशल्यांच्या पायऱ्या नीट मांडल्या आहेत: माहीत आहे, कसं ते सांगता येतं, करून दाखवता येतं, स्वतंत्रपणे करतो. मात्र शेवटच्या पायरीवर मोजकीच कौशल्यं ठेवली आहेत. उरलेली कसर इंटर्नशिपमध्ये भरून निघेल अशी अपेक्षा. तर कॅज्युअल्टीला वाट्याला येतात 2 आठवडे, आणि वर्षभर डोक्यावर पीजी (पदव्युत्तर) प्रवेशाच्या 200 बहुपर्यायी प्रश्नांची टांगती तलवार. त्यात सुई कुठेच नसते. लॉगबुक, म्हणजे केलेल्या कामांच्या नोंदींची वही, भरतं, पण पोस्टिंगच्या (एका विभागातल्या नेमणुकीच्या) शेवटच्या दिवशी, सगळ्या सह्या एकदम. प्रत्यक्ष न बघता केलेली सही म्हणजे हजेरीच.

म्हणून मागणी साधी आहे. सही त्याच दिवशी व्हावी आणि ज्याने शेजारी उभं राहून पाहिलं त्यानेच करावी, मग तो रेसिडेंट (निवासी डॉक्टर) असो वा अनुभवी सिस्टर. सुई लावायला निम्म्या मुलांना शिकवतात त्या सिस्टरच, हे सगळ्यांना ठाऊक आहे. लॉगबुकात ‘केले’ या रकान्याशेजारी ‘कितव्या प्रयत्नात’ हा रकाना हवा. दर पोस्टिंगच्या आरंभी विद्यार्थ्याने स्वतःला 5 पैकी गुण द्यावेत, मग दुसऱ्याने पाहून द्यावेत. बीपीसारख्या कामात दोघांनी जोडनळीच्या स्टेथोस्कोपने एकाच वेळी ऐकून आकडे वेगवेगळे लिहावेत. तफावत तिथेच उघड होते. पुतळ्यांवर सराव करायच्या स्किल लॅब बंधनकारक झाल्या आहेत, तर त्यांची किल्ली संध्याकाळी 5 नंतरही मिळावी. इंटर्नला दिवसा वेळ नसतो.

वाचकांनाही एक विनंती. शिकाऊ डॉक्टर सुई घेऊन आला, तर ‘दुसऱ्याला बोलवा’ म्हणू नका. ‘दोनदा नाही मिळाली शीर, तर सीनियरना बोलवाल ना?’ एवढं विचारा.

– एक वैद्यकीय अध्यापक, राजारामपुरी, कोल्हापूर